येतानाचं काय?

गाडीत जागा देणारी माणसं आपल्याकडे कधीच कमी नव्हती. नागपूरहून उमरेड, काटोल, सावनेर, सेलू, भंडारा, कुठल्याही दिशेला अप-डाऊन करणाऱ्यांना विचारून पाहा. शिक्षक, बँकेतले, तहसीलमधले, वेकोलितले, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीतले. चार-पाच जणांनी मिळून एक गाडी काढायची आणि पेट्रोलचा खर्च वाटून घ्यायचा, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. त्यासाठी कुणी सप्ताह पाळला नाही की बक्षीस लावलं नाही. आणि इकडे शहरातल्या शहरात, वर्धा रोडवरून रोज सकाळी एकेका गाडीत एकेक माणूस मिहानकडे, म्हणजे विमानतळाजवळच्या आयटी-उद्योगांच्या वसाहतीकडे जातो. तिथे कारपूलचे फलक लागतात, ॲप येतात, उद्घाटनाचे फोटो निघतात, आणि दोन-तीन महिन्यांत सगळं विरून जातं. असं का होतं, हे मला मनापासून समजून घ्यायचं होतं. मी स्वतः पहिल्या जमातीतली आणि माझी भाची दुसऱ्या.

मी उमरेडला बँकेत आहे. नागपूरपासून सुमारे ४५ किलोमीटर. पूर्वी या बाजूला इतवारीहून नागभीडला जाणारी नॅरोगेज होती. आमच्या शाखेतले जुने लोक तिचे मासिक पासवाले. ती हळू चालायची, पण संध्याकाळी ती आहे म्हणजे आहे, असा तिचा भरवसा होता. २०१९ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी ती बंद झाली. मग आला २०२१ चा एसटीचा संप. दिवाळीच्या तोंडावर सुरू झाला आणि उन्हाळा आला तरी रेंगाळत होता. त्या काळात उमरेड रोडवर जितक्या गाड्या जुळल्या तितक्या एरवी दहा वर्षांत जुळल्या नसत्या. आमची गाडीही तेव्हाचीच. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतले सर, एक कॉलेजातल्या मॅडम, पंचायत समितीतले एक भाऊ, मी, आणि कधीकधी मागच्या सीटवर दाटीवाटीने बसणारा वेकोलितला एक तरुण इंजिनिअर. गाडी आठवड्याने बदलते. दिघोरी चौकातून साडेआठला निघायचं, पाच मिनिटांच्या वर कुणासाठी थांबायचं नाही.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही असते. लांबट, रजिस्टरसारखी, मागच्या पुठ्ठ्याला रबर लावून पेन अडकवलेलं. उन्हाने रबर दर एप्रिलमध्ये तुटतं आणि सर नवीन लावतात. वहीत प्रत्येकाच्या नावाखाली रोजचे दोन रकाने आहेत: एक सकाळचा, एक संध्याकाळचा. ज्या फेरीत बसलात त्या फेरीची खूण. महिनाअखेरीस खुणा मोजायच्या आणि पैसे द्यायचे. सुरुवातीला एकच रकाना होता, आलात तर पूर्ण दिवस धरायचा. दुसऱ्याच महिन्यात कॉलेजच्या मॅडमनी दोन रकाने पाडायला लावले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: जाणं ठरलेलं असतं, येणं कुणाचंच ठरलेलं नसतं, मग दोन्हींचा हिशोब एकत्र कसा? जगभरात लोकांनी एका गाडीतून जावं म्हणून सरकारांनी आणि कंपन्यांनी जे जे केलं, त्याबद्दल मी नंतर पुष्कळ वाचलं. मॅडमनी पाडलेली ती उभी रेघ मला त्या सगळ्याच्या मुळाशी दिसते.

उमरेडहून अशा तीन-चार गाड्या निघतात. सगळ्यांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर गुड मॉर्निंग टाकायला सक्त मनाई. दुपारी चारनंतर त्यावर फक्त एवढंच येतं: "मी साडेपाचला नाही, सातच्या गाडीत जागा आहे का?" आणि उत्तर: "आहे, या." आमच्या गाडीतला माणूस अडकला तर तो दुसऱ्या गाडीने येतो. बँकेच्या मार्चअखेरीचं तर सांगायलाच नको. एका मार्चमध्ये मला निघायला रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. बस स्टँडसमोर वेकोलितल्या लोकांची गाडी दिवे लावून उभी होती. माझ्यासाठी ते पाऊण तास थांबले होते. मी पुन्हा पुन्हा माफी मागायला लागले तेव्हा पुढे बसलेले काका म्हणाले, "मॅडम, तुमच्या मार्चची आम्हाले आता सवय झाली. बसा, पाणी प्या." त्यांनी वहीत खूणही केली नाही.

आता भाचीचं. ती मानेवाड्याला राहते आणि मिहानमधल्या एका आयटी कंपनीत काम करते. तिच्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी कारपूलचा कार्यक्रम मोठ्या हौसेने सुरू केला. ज्या गाडीत तीन जण येतील तिला फाटकाजवळ, शेडखाली पार्किंग. मे महिन्यात, ४५ अंशांत, शेडखालची जागा ही फार मोठी गोष्ट असते, हे नागपूरकराला समजावून सांगायला नको. पहिले काही आठवडे शेड भरलेली होती. भाची दोन सहकाऱ्यांबरोबर जायची, खूश होती. मग संध्याकाळचे प्रश्न सुरू झाले. क्लायंटचा कॉल लांबला, एकाला सहाला निघावंच लागलं, दुसरा आठपर्यंत अडकला. ज्याची गाडी, तो निघून गेला की उरलेल्यांनी फाटकावर उभं राहून कॅब शोधायची. कॅब येईपर्यंत चारदा रद्द व्हायची. हळूहळू सगळे आपापल्या गाडीवर परत आले. मी तिला विचारलं, का गं सोडलंस? ती म्हणाली, "मावशी, जायला सतरा जण मिळतात. येताना कोणी नाही."

अमेरिकेची गोष्ट आधी सांगते, कारण तिथे हे प्रयोग सगळ्यात जुने आणि सगळ्यात जास्त झाले. १९७३ साली मिनेसोटातल्या थ्री-एम कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी सहा व्हॅन घेतल्या. चालवणारा कर्मचारीच. त्याचा प्रवास फुकट, बाकीचे महिन्याचे पैसे भरणार. कंपनीची सुटण्याची वेळ एक, व्हॅन एक, त्यामुळे संध्याकाळचा घोळ नाही. पुढे व्हॅनची संख्या शंभरावर गेली. त्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि सरकारही एकत्र प्रवासाच्या मागे लागलं. १९८० च्या जनगणनेत जवळजवळ २० टक्के अमेरिकन नोकरदार दुसऱ्या कुणाबरोबर गाडीतून कामावर जात होते. पुढच्या तीस वर्षांत तो आकडा निम्म्यावर आला, १० टक्क्यांच्या खाली. तेल स्वस्त झालं, घरोघरी दुसरी-तिसरी गाडी आली, ऑफिसं शहराबाहेर विखुरली, कामाच्या वेळा सैल झाल्या. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मला त्यातलं शेवटचं सगळ्यात मोठं वाटतं. भोंगा वाजला की सगळे एकदम सुटणार, अशी कामंच कमी झाली.

ज्या ठिकाणी ही प्रथा टिकली ती ठिकाणं पाहण्यासारखी आहेत. वॉशिंग्टनच्या दक्षिणेला व्हर्जिनियात शर्ली हायवे म्हणून रस्ता आहे. तिथली बससाठी राखलेली मार्गिका १९७३ च्या डिसेंबरात चार किंवा जास्त माणसं असलेल्या गाड्यांना खुली केली. पुढे ही अट तिघांवर आली. एकट्या माणसाला ती वेगवान मार्गिका मिळेना, तेव्हा गाडीवाले बसथांब्यावरच्या रांगेतून अनोळखी माणसं उचलायला लागले. आजतागायत त्याला ना कंपनी, ना ॲप, ना पैसे. नियम लोकांनीच केले: गाडीवाल्याने बोलायला सुरुवात केल्याशिवाय प्रवाशाने गप्पा मारायच्या नाहीत, पैशाचं नाव काढायचं नाही, आणि रांगेत एकटी बाई मागे राहत असेल तर तिला तशी सोडून जायचं नाही. हा शेवटचा नियम वाचला आणि उमरेडच्या बस स्टँडसमोरची ती गाडी डोळ्यांपुढे आली. कुणीही न शिकवता माणसं तिथेही तिथवरच पोचली होती.

तिकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरच्या पुलाची कहाणी थोडी वेगळी आहे, आणि मला जास्त उपयोगाची वाटते. पुलावर तीन माणसांच्या गाडीला सकाळी टोल माफ होता, २०१० पासून सवलतीचा टोल लागला. सकाळी पलीकडच्या गावांमधून अनोळखी लोक एकत्र येऊन शहरात जायचे. संध्याकाळी मात्र परतीच्या रांगा फार लहान. मग सकाळी गेलेली माणसं परत कशी यायची? बसने आणि बार्ट नावाच्या लोकल रेल्वेने. सकाळची मोफत गाडी लोक निर्धास्तपणे पकडायचे, कारण संध्याकाळी रेल्वे होती. म्हणजे सकाळच्या गाडीला खरा आधार संध्याकाळच्या रेल्वेचा. सिंगापूरचंही थोडंफार असंच. १९७५ मध्ये त्यांनी शहराच्या मध्यभागी सकाळी शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावलं आणि चार माणसांच्या गाडीला सूट दिली. गाडीवाले बसथांब्यावरची माणसं घेऊन आत जायला लागले. संध्याकाळी निर्बंध नव्हते, आणि ती माणसं आपली बसने परत. १९८९ मध्ये ती सूट काढून टाकण्यात आली.

जबरदस्तीचं एक उदाहरण जकार्ताचं आहे. मुख्य रस्त्यांवर गर्दीच्या वेळी गाडीत किमान तीन माणसं हवीतच, असा नियम तिथे १९९२ पासून होता. त्यातून एक धंदाच उभा राहिला: रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि पैसे घेऊन गाडीतलं तिसरं माणूस व्हायचं. काही बायका कडेवर बाळ घेऊन उभ्या राहायच्या, कारण बाळ म्हणजे आणखी एक माणूस. त्या बाळांचे फार हाल झाले आणि २०१६ मध्ये सरकारने नियमच मागे घेतला. पुढे काय झालं, हे संशोधकांनी गूगल मॅप्सच्या माहितीवरून मोजलं. रस्त्यांवरचा विलंब सकाळी ४६ टक्क्यांनी आणि संध्याकाळी ८७ टक्क्यांनी वाढला. नियमाला हसणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. पळवाटा असूनही तो नियम काम करत होता. पण भाडोत्री तिसऱ्या माणसाला घेऊन जाणं हे मला सोबत जाणं वाटत नाही, आणि नागपुरात असलं काही यावं असं मला मुळीच वाटत नाही.

फ्रान्सने २०२३ मध्ये सरळ पैसे देऊ केले. पहिल्यांदा दुसऱ्याला घेऊन जाणाऱ्या गाडीवाल्याला १०० युरो: पहिल्या फेरीनंतर २५ आणि तीन महिन्यांत दहा फेऱ्या झाल्या की उरलेले ७५. पैशाने दहा फेऱ्या होतात. अकरावी फेरी व्हायची तर त्या माणसाला संध्याकाळची चिंता नसली पाहिजे.

यावर सगळ्यात साधं उत्तर मला वॉशिंग्टनच्याच एका योजनेत सापडलं. आठवड्यातून किमान दोन दिवस बसने, रेल्वेने किंवा दुसऱ्याच्या गाडीने कामावर येणाऱ्याला तिथे वर्षातून ठरावीक वेळा घरी जायला मोफत टॅक्सी मिळते. मूल आजारी पडलं, अचानक जास्तीचं काम आलं, ज्याच्या गाडीने आलात तो लवकर निघून गेला, अशा वेळी. योजना नव्वदच्या दशकापासून सुरू आहे. असल्या योजनांबद्दल सगळीकडे एकच अनुभव सांगितला जातो, तो म्हणजे नाव नोंदवणाऱ्यांपैकी फार थोडे लोक ती टॅक्सी प्रत्यक्षात वापरतात. खर्च किरकोळ येतो. टॅक्सी आहे, एवढं माहीत असणं पुरतं. माझा इतक्या वर्षांचा अनुभव याहून वेगळा नाही. मागच्या गाडीने मी क्वचितच आले असेन, पण ती आहे म्हणून मी पुढच्या गाडीत निवांत बसते.

आपल्याकडे सरकारचं लक्ष मात्र दुसरीकडेच असतं. मोटार वाहन कायदा १९८८ चा. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीने भाडं घेऊन माणसं न्यायची नाहीत. अशा प्रवासात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. आमच्या वहीतल्या खुणा म्हणजे पेट्रोलची वाटणी की भाडं, ही रेघ पुसट आहे, आणि ओळखीच्या लोकांत कुणी ती तपासत नाही. ॲप आलं की प्रश्न येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. ॲपवरच्या खासगी गाडीला शहरात दिवसाला चार फेऱ्या आणि शहराबाहेर आठवड्याला दोन. हे वाचून मी वहीकडे पाहिलं. अप-डाऊनवाल्याच्या आठवड्याच्या फेऱ्या होतात दहा. दोन फेऱ्यांत सोमवारचं जाणं-येणं संपतं. मंगळवारी उमरेडला कसं जायचं? त्याच सूचनांत बायकांना फक्त बायकांबरोबर प्रवास निवडण्याची सोय ठेवली होती, ती मला आवडली. पुढे जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्राने खासगी वाहनं ॲपवर चालवायला बंदी केली आणि २०२५ मध्ये धोरण बदलून कारपूलला पुन्हा वाट करून दिली. हे चांगलं झालं. तरी सगळी चर्चा भाड्याची, परवान्याची आणि रिक्षावाल्यांच्या धंद्याची. रिक्षावाल्यांची काळजी योग्यच आहे, त्यांचं पोट त्यावर आहे. पण प्रवाशाच्या संध्याकाळचा विषय त्या चर्चेत निघत नाही.

अप-डाऊनच्या गाड्यांना तर सरकार उघडपणे शाबासकीही देऊ शकत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने, ग्रामसेवकाने मुख्यालयी राहावं असा नियम आहे. कागदावर ही माणसं गावातच राहतात. गावकऱ्यांची तक्रारही खोटी नाही. रात्री कुणी आजारी पडलं, सकाळी दाखला हवा असला, तर साहेब नागपूरला. मी त्या वादात गावकऱ्यांच्या बाजूची आहे, आणि तरी रोज त्याच गाडीत बसते. आमचे सर एकदा म्हणाले होते, गावात मुलीला अकरावी-बारावीचं चांगलं कॉलेज मिळालं असतं तर मी कधीच खोली केली असती.

एसटीचंही सांगायला हवं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. माझा आणि मॅडमचा हिशोब त्याने पार बदलला, कारण एसटी आता पेट्रोलच्या वाट्यापेक्षा स्वस्त पडते. मॅडम सकाळी एसटीने जायला लागल्या आणि संध्याकाळी गाडीने. त्यांच्या सकाळच्या रकान्यात खुणा नाहीत, संध्याकाळच्या रकान्यात रोज आहेत. नुसते पैसेच वाचवायचे असते तर दोन्ही वेळा एसटीनेच प्रवास केला असता. पण सकाळी एक बस चुकली तर दुसरी असते. अंधार पडल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहायची त्यांची तयारी नाही, आणि ती का असावी?

भाचीचा प्रश्न सुटण्यासारखा आहे असं मला वाटतं, आणि उमरेडपेक्षा सोपा आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीने कामावर ठेवायचं तर घराच्या दारापर्यंत वाहन देणं मालकावर बंधनकारक आहे. साडेनऊनंतर. जी आठला किंवा नऊला सुटते तिचं काय? कारपूल मोडतो तो नेमका त्याच दोन-अडीच तासांत. आणि त्या वेळात नागपूरकडे आज मेट्रो आहे. खापरीहून सीताबर्डी, पुढे ऑटोमोटिव्ह चौक. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. वर्धा रोडवर तर मेट्रो आणि उड्डाणपूल एकाच खांबांवर, एकावर एक उभे आहेत, ३.१४ किलोमीटर. सॅन फ्रान्सिस्कोत संध्याकाळची रेल्वे होती म्हणून सकाळच्या गाड्या भरायच्या. आपल्याकडे रेल्वे आली आहे. राहिलंय ते कंपनीच्या फाटकापासून खापरी स्टेशनपर्यंतचं अंतर, भाचीच्या भाषेत "ते मेलं मधलं". फीडर बस असते, पण तिच्या सुटण्याच्या वेळेशी जुळत नाही.

सकाळसाठी उभं राहायची जागाही या शहरात तयार आहे. छत्रपती चौकाच्या आसपास त्या दुमजली पुलाखाली सावली असते. वॉशिंग्टनचे लोक रांगेत उघड्यावर उभे राहतात. आपल्याकडे नवतपात, मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दहा मिनिटं उन्हात उभं राहा म्हटलं तर कुणी राहणार नाही, दुपट्टा बांधून स्कूटीच काढेल. पुलाखाली वाहतुकीला अडथळा न होता गाडी क्षणभर थांबेल अशी एखादी आखलेली जागा आणि मिहानची पाटी, एवढंच लागेल.

भाचीने आता एक अर्ज लिहिलाय आणि तो मला वाचून दाखवला. शेडखालचं पार्किंग नको, प्रशस्तिपत्रं नकोत, ॲपही नको. संध्याकाळी सहा ते साडेनऊ, दर अर्ध्या तासाने एक व्हॅन फाटकावरून खापरी स्टेशनला सोडा. आणि जी व्यक्ती सकाळी दुसऱ्याच्या गाडीने आली असेल तिला महिन्यातून एकदा कंपनीच्या खर्चाने घरी पोचवायची हमी द्या. मी तिला एकच दुरुस्ती सुचवली, 'महिन्यातून एकदा' कापून 'वर्षातून सहा वेळा' लिही, म्हणजे मार्च महिन्यात दोनदा लागली तरी अडचण नको. तिने ते तिथेच बदललं. शेजारच्या तीन कंपन्यांतल्या मुलींनाही तिने अर्ज पाठवलाय, कारण व्हॅन एका कंपनीला परवडत नसेल तर चौघांनी मिळून घालावी, असं तिचं म्हणणं आहे.